संगणकाचा पडदा उजळत नाही तेव्हा

शाळेच्या कोपऱ्यात कापडाखाली झाकून ठेवलेला जुना संगणक हे चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत अपरिचित दृश्य नव्हे. सर्व शिक्षा अभियान २००१ साली सुरू झाले, तेव्हा त्यात उच्च प्राथमिक वर्गांना संगणकाच्या साहाय्याने शिकविण्याची तरतूद होती. पुढे लोकवर्गणीतून, देणगीतून व निरनिराळ्या योजनांतूनही अशी यंत्रे खेडोपाडी पोहोचली. त्यांपैकी पुष्कळ आता जुनी झाली आहेत. एखाद्या दिवशी बटण दाबावे, पंख्याचा आवाज यावा, पेटीवरचा दिवाही लागावा, परंतु पडदा मात्र काळाच राहावा, असा प्रसंग येतो. "संगणक बिघडला" असा शेरा पडतो, यंत्र कपाटात जाते आणि काही वर्षांनी त्याच्या निर्लेखनाचा प्रस्ताव तयार होतो. वस्तुतः पडदा काळा राहिला एवढ्यावरून यंत्र निकामी झाले असे ठरत नाही. सैल झालेली केबल, मळलेली स्मृतिपट्टी किंवा अर्धवट बसलेला प्लग एवढ्या कारणानेही संपूर्ण यंत्र मुके होते, आणि हे दोष शाळेतच, खर्चाविना दूर होऊ शकतात.

ह्या दोन जिल्ह्यांत त्याचे महत्त्व अधिक आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तरी अंतरे मोठीच राहिली. सिरोंचा हे तालुक्याचे गाव गडचिरोलीपासून सुमारे दोनशे किलोमीटरांवर आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला म्हणजे भामरागडचा मार्ग बंद होतो. अशा ठिकाणाहून संगणकाची पेटी बसमध्ये घालून दुरुस्तीस न्यावी, ती आठवडेच्या आठवडे तेथे राहावी आणि शेवटी "केबल सैल होती" असे उत्तर मिळावे, ह्यात पैसा जातो व मुलांची पाळीही जाते. घरी माडिया, गोंडी किंवा तेलुगू बोलणाऱ्या काही मुलांच्या बाबतीत शाळेतील हेच एक यंत्र त्यांच्या हाताशी येणारा पहिला संगणक असतो. म्हणून दुरुस्तीचा विचार करण्यापूर्वी शिक्षकाने स्वतः अर्धा तास क्रमाने शोध घ्यावा, हे श्रेयस्कर होय.

पाणी कोठे अडले?

शोधाची रीत धानाच्या शेतकऱ्याला चांगली ठाऊक असते. मूल, सिंदेवाही, नागभीड, आरमोरी ह्या भागांत माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच मामा तलाव आहेत. तलावाचे पाणी पाटाने एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरते. शेवटच्या बांधीत पाणी आले नाही, तर तलाव आटला असे कोणी एकदम म्हणत नाही. शेतकरी पाटाच्या काठाने चालत जातो. पाटाच्या मध्यावर पाणी दिसले तर अडथळा त्याच्या खाली आहे. दिसले नाही तर तो वर आहे, हे त्याला कळते. एका पाहणीत निम्मा पाट शोधातून वगळला जातो.

संगणकाचा पडदा ही शेवटची बांधी होय. तेथे काही दिसत नाही, ह्याचा अर्थ वाटेत कोठेतरी अडथळा आहे, एवढाच. ती वाट कोणती, हे प्रथम समजून घ्यावे.

भिंतीतील सॉकेटमधून येणारी २३० व्होल्टची वीज पेटीच्या मागील बाजूस असलेल्या पॉवर सप्लायमध्ये शिरते. तेथे तिचे १२, ५ व ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर होते. ही वीज मदरबोर्ड नावाच्या मोठ्या पट्टीवर पोहोचते व प्रोसेसर जागा होतो. प्रोसेसर सर्वप्रथम मदरबोर्डवरच बसविलेल्या एका चकतीतील लहानसा कायमचा कार्यक्रम वाचतो; त्यास बायोस म्हणतात. बायोस आपल्या अवयवांची हजेरी घेतो. स्मृती म्हणजे रॅम आहे काय, चित्र तयार करणारा भाग आहे काय, कळफलक आहे काय, हे तो पाहतो. हजेरी पुरी झाली म्हणजे चित्राचे संकेत केबलमधून मॉनिटरकडे जातात व पडद्यावर पहिली अक्षरे उमटतात. त्यानंतरच हार्ड डिस्कवरील विंडोज सुरू होण्याची पाळी येते.

ह्या क्रमातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. पहिली अक्षरे उमटण्यासाठी हार्ड डिस्कची व विंडोजची गरज नसते. म्हणून सुरुवातीपासूनच पडदा काळा असेल, तर हा दोष सामान्यतः विंडोजचा नव्हे, आणि शाळेचे निकालपत्रक, विद्यार्थ्यांच्या याद्या व पत्रव्यवहार ज्या डिस्कवर आहेत, ती बहुधा सुरक्षित असते. अशा स्थितीत "फॉरमॅट मारून देतो" असे कोणी म्हटले, तर त्यास नम्रपणे नकार द्यावा. फॉरमॅटने पडदा उजळणार नाही. वर्षानुवर्षांच्या नोंदी मात्र जातील.

मधोमध घ्यावयाची परीक्षा

पाटाच्या मध्यावर पाणी पाहावे, तशी संगणकाचीही एक सोपी परीक्षा आहे. यंत्र चालू करून एक-दोन मिनिटे थांबावे व कळफलकावरील 'नम लॉक' ही कळ दाबावी. दर दाबण्याबरोबर कळफलकावरील छोटा दिवा लागत व विझत असेल, तर प्रोसेसर, रॅम व मदरबोर्ड ही मंडळी कामावर आहेत असे समजण्यास हरकत नाही. तेव्हा दोष पुढे, म्हणजे चित्राचा भाग, केबल किंवा मॉनिटर ह्यांत शोधावा. दिवा मुळीच प्रतिसाद देत नसेल, तर कळफलकाचा प्लग नीट बसला आहे ह्याची खात्री करून, दोष मागे, म्हणजे वीज, रॅम किंवा मदरबोर्ड ह्यांत शोधावा.

दुसरी खूण आवाजाची. पुष्कळ जुन्या पेट्यांत एक लहान स्पीकर असतो व हजेरी घेताना बायोस त्यातून 'बीप' असा आवाज काढतो. बहुतेक यंत्रांत एकच आखूड बीप म्हणजे सर्व ठीक, अशी सूचना असते. असा आवाज येऊन पडदा काळा असेल, तर मॉनिटर व केबल आधी तपासावी. पुनःपुन्हा येणारा लांब बीप बहुधा रॅमची तक्रार सांगतो. एक लांब व त्यामागून दोन किंवा तीन आखूड बीप हे पुष्कळदा चित्राच्या कार्डाचे गाऱ्हाणे असते. बायोस करणाऱ्या कंपन्यांच्या खुणा सारख्या नसतात, म्हणून आवाजांचा क्रम कागदावर जसाच्या तसा उतरून घ्यावा. तंत्रज्ञाला दूरध्वनीवरून सांगताना ही नोंद फार उपयोगी पडते. आवाज मुळीच नसेल, तर पेटीत स्पीकरच नसण्याचाही संभव असतो. तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

मॉनिटर व केबल

नम लॉकचा दिवा प्रतिसाद देतो असे दिसल्यास पेटी उघडण्याचे कारण नाही. प्रथम मॉनिटरकडे पाहावे. त्याचा दिवा मुळीच लागत नसेल, तर मॉनिटरला वीजच मिळत नाही. त्याचा प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहावा व मॉनिटरच्या मागे घुसणारे टोकही दाबून बसवावे. ते अनेकदा अर्धवट बाहेर आलेले असते.

दिवा लागत असल्यास पेटीच्या बाजूची चित्राची केबल काढावी व मॉनिटर बंद करून पुन्हा चालू करावा. बहुतेक सपाट पडद्यांवर 'नो सिग्नल' किंवा 'चेक सिग्नल केबल' अशा अर्थाची अक्षरे येतात. अक्षरे आली, म्हणजे पडदा जिवंत आहे. आता केबल पुन्हा लावावी. अक्षरे तशीच राहिली, तर पेटीकडून संकेत येत नाही. अक्षरे नाहीशी होऊन पडदा नुसता काळा झाला, तर संकेत पोहोचत आहे. मग उजळपणाचे बटण अगदी कमी केलेले नाही ना, हे पाहावे. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तिरका टॉर्च धरावा. पुसट चित्र दिसल्यास चित्र तयार होत आहे, परंतु पडद्यामागचा प्रकाश गेला आहे, असे निदान होते.

काही मॉनिटरांना दोन किंवा तीन प्रकारच्या केबली लागतात व कोणत्या मार्गाने येणारे चित्र दाखवावयाचे, हे 'सोर्स' किंवा 'इनपुट' ह्या बटणाने निवडावे लागते. पुसताना किंवा हलविताना हे बटण दाबले गेले, तर निरोगी यंत्रही 'नो सिग्नल' दाखविते.

जुन्या संगणकाची केबल बहुधा निळ्या टोकाची व्हीजीए जातीची असते. ही पद्धत १९८७ साली प्रचारात आली. तिच्या टोकात पाच-पाचच्या तीन ओळींत एकूण पंधरा सुयांच्या जागा असतात. लाल, हिरवा व निळा ह्या तीन रंगांस स्वतंत्र सुया आहेत, आणि चित्राच्या ओळी व चौकटी जुळविण्याचे काम इतर दोन सुया करतात. रंगाची एक सुई निकामी झाली, तर चित्र दिसते, पण त्याचा रंग विचित्र होतो. जुळणीची सुई निकामी झाली, तर चित्रच नाहीसे होते. म्हणून केबलचे टोक उजेडात धरून वाकलेली सुई आहे काय, ते पाहावे. असल्यास रिकाम्या रिफिलच्या नळीने किंवा बारीक चिमट्याने ती हलकेच सरळ करावी. पुष्कळ केबलींत एखादी सुई मुळातच नसते. तिची जागा रिकामी दिसली म्हणून केबल टाकून देऊ नये. टोक बसविल्यावर दोन्ही बाजूंचे स्क्रू बोटांनी घट्ट करावेत. हे स्क्रू न लावल्यामुळे टेबल हलताच टोक सैल होते.

आणखी एक चूक सहज होते. काही पेट्यांच्या मागे चित्राच्या केबलीसाठी दोन जागा असतात. एक कळफलक व यूएसबीच्या जागांजवळ, मदरबोर्डवर. दुसरी खाली, वेगळ्या कार्डावर. वेगळे कार्ड बसविलेले असता पुष्कळ यंत्रांत मदरबोर्डवरील जागा बंद असते. साफसफाईनंतर केबल भलत्या जागी लागली, तर सर्व काही ठीक असूनही पडदा काळा राहतो.

येथे एक निराळा प्रकारही लक्षात ठेवावा. प्रथम कंपनीचे नाव दिसते, पांढरी अक्षरे येतात आणि विंडोज सुरू होताना पडदा काळा होतो, किंवा त्यावर 'आऊट ऑफ रेंज' असे येते. ह्यात वाट मोकळी आहे. केवळ विंडोजमध्ये ठरविलेले चित्राचे परिमाण त्या मॉनिटरला झेपत नाही. मोठा पडदा काढून त्या जागी जुना लावला असता हे घडते. विंडोज एक्सपी किंवा विंडोज सेव्हन असलेल्या यंत्रात सुरुवातीस एफ-आठ ही कळ पुनःपुन्हा दाबावी, 'सेफ मोड' निवडावा व परिमाण कमी करावे.

पेटी उघडण्यापूर्वी

नम लॉकचा दिवा प्रतिसाद देत नसेल, तर पाटाच्या वरच्या अंगास जावे लागते. तेथेही आरंभ बाहेरूनच करावा. एक्स्टेन्शन बोर्डात दुसरे एखादे उपकरण लावून वीज येते काय, ते पाहावे. यूपीएसची बॅटरी कमजोर झाल्यावर तो भार येताच बंद पडू शकतो, म्हणून एकदा यूपीएस वगळून पेटी सरळ सॉकेटला जोडावी. सौर ऊर्जेवर चालणाऱ्या शाळेत इन्व्हर्टरची शक्ती व त्या वेळचा भार जुळतो काय, हेही पाहावे. नळीचा जुना मॉनिटर सपाट पडद्याच्या मॉनिटरहून पुष्कळच अधिक वीज घेतो, हे ह्या हिशेबात धरावे. पॉवर सप्लायच्या मागे एक छोटे बटण असते. ते बंद राहिले नाही ना, हे पाहावे. काही जुन्या पॉवर सप्लायवर ११५ व २३० असे आकडे असलेली लाल खटकी असते. ती नेहमी २३० वरच असली पाहिजे. मुलाने खेळता खेळता ती ११५ वर सरकविली व यंत्र चालू केले, तर पॉवर सप्लाय जळू शकतो.

पेटी उघडावयाची असल्यास पुढील दक्षता अपरिहार्य आहे. प्लग भिंतीतून काढावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग काढल्यावर पेटीचे चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, म्हणजे मदरबोर्डवर उरलेला विजेचा अंश निघून जातो. एवढ्यानेच अडलेले यंत्र पुन्हा सुरू झाल्याचा अनुभवही पुष्कळदा येतो, म्हणून पेटी उघडण्याआधी प्लग लावून एकदा प्रयत्न करून पाहावा. यश न आल्यास पुन्हा प्लग काढून पुढे जावे. हात कोरडे असावेत. आतील कोणत्याही भागास हात लावण्यापूर्वी पेटीच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करावा. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावरील कपड्यांच्या घर्षणाने स्थिर वीज साठते, आणि तिचा एक न जाणवणारा झटकाही रॅमला घातक ठरू शकतो.

दोन गोष्टी मात्र कोणीही, कोणत्याही परिस्थितीत उघडू नयेत. पॉवर सप्लायची बंद डबी ही पहिली. तिच्यातील धारित्रांत प्लग काढल्यावरही काही काळ सुमारे तीनशे व्होल्टचा भार राहू शकतो. नळीचा मॉनिटर ही दुसरी. त्याच्या नळीवर वीस हजारांहून अधिक व्होल्टचा दाब असतो व बंद केल्यावरही तो टिकून राहू शकतो. येथे कुतूहल जिवावर बेतू शकते. मुले भोवती उभी असतील, तर त्यांना ही गोष्ट कारणासह सांगावी.

पेटीच्या आत

पेटीची कडेची पत्रा-पाटी काढली की बहुधा धूळच दिसते. जंगलालगतच्या गावांत मुंग्या, झुरळे, पाली ह्यांनाही ही उबदार पेटी आवडते. कुंभारीण माशी जाळीच्या तोंडाशी मातीचे घर करते. उंदीर तारा कुरतडतो. धूळ मऊ, कोरड्या ब्रशाने झाडावी. ओले फडके लावू नये. तोंडाने फुंकर घालणेही टाळावे, कारण तिच्याबरोबर ओलावा जातो. तार कुरतडलेली आढळल्यास यंत्र चालू न करता तंत्रज्ञास दाखवावे.

धूळ निघाल्यावर रॅमकडे वळावे. मदरबोर्डवर उभ्या बसविलेल्या, वीतभराहून कमी लांबीच्या एक किंवा दोन हिरव्या पट्ट्या म्हणजे रॅम होय. तिच्या खालच्या कडेस बारीक सोनेरी पट्ट्यांची ओळ असते. त्यांतूनच सर्व देवाणघेवाण होते. हवेतील ओलावा व धूळ ह्यांचा पातळ थर तेथे बसतो. शिवाय यंत्र तापून निवताना पट्टी खाचेत कणाकणाने सरकते. जुना संगणक मुका होण्याचे हे एक फार नेहमीचे कारण आहे.

दोन्ही टोकांच्या खटक्या बाहेर ढकलल्या की पट्टी वर येते. तिला कडेने धरावे. सोनेरी पट्ट्यांवर पेन्सिलीचा मऊ, स्वच्छ खोडरबर हलक्या हाताने फिरवावा. वाळूसारखा खरखरीत रबर किंवा पॉलिश कागद वापरू नये. त्याने सोनेरी मुलामा निघून जातो. रबराचा चुरा कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसावा. पट्टीच्या कडेवर एक लहान खाच असते. ती मदरबोर्डवरील उंचवट्याशी जुळली पाहिजे. जुळवून दोन्ही टोके सारख्या जोराने दाबावीत. दोन्ही खटक्या आपोआप 'कट्' असा आवाज करून बसल्या, म्हणजे पट्टी नीट बसली. दोन पट्ट्या असल्यास प्रथम एकच लावून यंत्र चालवून पाहावे, मग ती काढून दुसरी लावावी. दरवेळी प्लग काढावयास विसरू नये. शेजारच्या शाळेतून रॅम आणल्यास तिची जात पाहावी. डीडीआर, डीडीआर-दोन व डीडीआर-तीन ह्यांच्या खाचा वेगवेगळ्या ठिकाणी असतात. जी बसत नाही, ती जोराने बसवू नये.

त्यानंतर विजेचे प्लग पाहावेत. मदरबोर्डच्या कडेस वीस किंवा चोवीस छिद्रांचा एक रुंद प्लग असतो. प्रोसेसरजवळ चार छिद्रांचा आणखी एक लहान प्लग असतो, त्याकडे पुष्कळांचे लक्ष जात नाही. हा लहान प्लग सुटला असता पंखे फिरतात, दिवा लागतो, परंतु प्रोसेसरला वीज न मिळाल्यामुळे पुढे काहीच घडत नाही. पंखा फिरतो म्हणजे यंत्र जागे आहे, ही समजूत म्हणूनच फसवी आहे.

मदरबोर्डवर रुपयाएवढी चपटी बॅटरी असते. तिच्यावर सीआर-२०३२ असे लिहिलेले असून ती तीन व्होल्टची असते. पुष्कळ महिने बंद राहिलेल्या यंत्रात ती संपते, घड्याळ मागे जाते व काही जुने मदरबोर्ड सुरू होण्यासही अडखळतात. प्लग काढून ही बॅटरी पाच-दहा मिनिटे बाहेर ठेविली, तर बायोसमधील बिघडलेली मांडणी मूळ पदावर येते. बॅटरी जुनी असेल तर नवीन घालावी. ती घड्याळाच्या दुकानातही मिळते.

शेवटी मदरबोर्डवरील लहान डब्यांसारख्या उभ्या धारित्रांची माथी पाहावीत. ती सपाट असली पाहिजेत. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तयार झालेल्या पुष्कळ मदरबोर्डांत सदोष धारित्रे बसविली गेली होती. माथा फुगलेला असेल किंवा त्यातून तपकिरी द्रव आलेला असेल, तर शिक्षकाचे काम तेथे संपते. ते धारित्र बदलणे हे डाक देणाऱ्या कारागिराचे काम होय.

एका वेळी एकच बदल

एवढे करूनही पडदा उजळला नाही, तर यंत्राचा भार कमी करावा. प्रिंटर, सीडीची पेटी, यूएसबीला लावलेल्या वस्तू, हार्ड डिस्क हे सर्व सोडवून केवळ मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅमची एक पट्टी व मॉनिटर एवढेच ठेवावे. चित्राचे वेगळे कार्ड असेल व मदरबोर्डवरही जागा असेल, तर कार्ड काढून केबल मदरबोर्डला लावावी. पहिली अक्षरे उमटली, तर काढलेल्या वस्तूंपैकी एखादी दोषी आहे. त्या एकेक करून लावाव्यात; जिच्यानंतर पडदा पुन्हा काळा होईल, ती दोषी होय.

ह्या सर्व शोधाचा नियम एकच आहे. एका वेळी एकच बदल करावा, त्याचा परिणाम पाहावा व तो वहीत लिहावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या व यंत्र सुरू झाले, तर कशाने सुरू झाले हे कळत नाही, आणि पुढील वेळी पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागते. सातवी-आठवीच्या मुलांना दुरून हा शोध पाहू द्यावा व वहीतील नोंद त्यांच्याकडून लिहवून घ्यावी. विज्ञानाच्या पुस्तकातील निरीक्षण, अनुमान व पडताळा ह्या तीन शब्दांचा अर्थ त्यांना ह्याहून चांगल्या रीतीने क्वचितच कळेल.

शंका दूर करण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे चांगल्या वस्तूशी तुलना. संशयित मॉनिटर दुसऱ्या चालू पेटीला जोडावा, किंवा चालू मॉनिटर ह्या पेटीला जोडावा. एकाच शाळेत हे शक्य नसेल, तर केंद्राच्या शिक्षण परिषदेच्या दिवशी केंद्रशाळेत ते करता येते. केंद्रप्रमुखांना आधी कळवून दोन-तीन शाळांची बंद यंत्रे एकत्र आणावीत. एकाचा मॉनिटर, दुसऱ्याची रॅम व तिसऱ्याची केबल जुळून एक चालू संगणक उभा राहू शकतो. अर्थात जडसंग्रह नोंदवहीत तशी नोंद करून व सक्षम अधिकाऱ्याच्या अनुमतीनेच.

जून महिन्याची सावधगिरी

विदर्भातील शाळा उन्हाच्या तीव्रतेमुळे राज्याच्या इतर भागांहून उशिरा उघडतात. चंद्रपूर, ब्रह्मपुरी येथे मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाणे नवीन नाही. त्या काळात कौलारू किंवा पत्र्याच्या खोलीत संगणक बंद पडून असतो व कोरड्या धुळीने भरतो. शाळा उघडते त्या सुमारास पावसाचा ओलावा त्या धुळीवर बसतो. म्हणून सत्राच्या आरंभीच पडदा काळा आढळावा, ह्यात आश्चर्य नाही.

उपाय साधे आहेत. सुटीपूर्वी सर्व प्लग भिंतीतून काढावेत, जेणेकरून वळवाच्या विजांपासून यंत्र वाचेल. पेटी जमिनीवर न ठेवता उंचावर ठेवावी. यंत्र तापलेले असताना त्यावर कापड घालू नये. निवल्यावर सुती कापडाने झाकावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेविल्यास आत ओल धरते. सुटीनंतर प्रथम धूळ झाडावी, पेटी कोरड्या खोलीत एक दिवस उघडी ठेवावी व मगच वीज द्यावी. पावसाळ्यात आठवड्यातून दोन वेळा तरी यंत्र तासभर चालवावे. त्याच्या स्वतःच्या उष्णतेने आतील ओल निघून जाते. जपून न वापरलेले यंत्र नियमित वापरलेल्या यंत्राहून लवकर बिघडते, हा ह्या जंगलभागाचा धडा आहे.

यंत्र दुरुस्तीस पाठविताना

शाळेत होण्यासारखे सर्व करून झाल्यावर यंत्र पाठवावे लागले, तर त्याबरोबर शोधाची नोंद द्यावी. नम लॉकचा दिवा कसा वागतो, बीप किती व कसे, मॉनिटर स्वतंत्रपणे तपासला काय, रॅम स्वच्छ केली काय, हे चार ओळींत लिहिले, म्हणजे तंत्रज्ञाचा वेळ वाचतो व अनावश्यक भाग बदलले जाण्याचा संभव कमी होतो. शक्य असल्यास हार्ड डिस्क काढून शाळेतच कुलुपात ठेवावी. पडद्याचा दोष शोधण्यास तिची गरज नसते, आणि मुलांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक असलेली माहिती बाहेर जात नाही. नोंदी तातडीने हव्या असल्यास तीच डिस्क योग्य जोडणीने दुसऱ्या संगणकास लावून त्या उतरून घेता येतात.

यंत्र खरोखरीच कालबाह्य ठरले, तरी ते शाळेमागे फेकू नये किंवा जाळू नये. नळीच्या मॉनिटरच्या काचेत शिसे असते. ई-कचऱ्याविषयीचे २०२२ सालचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून, अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जाव्यात अशी त्यांची अपेक्षा आहे. निर्लेखनाचा प्रस्ताव पाठविताना पंचायत समितीकडून ह्याविषयी मार्गदर्शन घ्यावे.

परंतु त्या प्रस्तावावर सही होण्यापूर्वी वर सांगितलेला अर्धा तास प्रत्येक यंत्राला मिळावा. खोडरबर, कोरडा ब्रश, स्क्रूड्रायव्हर, टॉर्च व एक वही एवढेच साहित्य त्यास लागते, आणि त्यातील बहुतेक वस्तू प्रत्येक शाळेत आजच उपलब्ध आहेत.